कर्ण अर्धरथी, वांडा म्युटंट : पात्रांचे दाखले कोण देतं?

मार्गशीर्षातली थंडी, चोपड्याजवळचं आमचं शेत, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ आणि त्यात टाकलेली बामणोदची वांगी. वांग्यांना पाणी सुटेपर्यंत कुणालाच काही काम नसतं, म्हणून आमच्या घरातली बरीचशी भांडणं तेवढ्या वेळात उरकली जातात. एरवी विषय कापसाचा भाव असतो. यंदा विषय होता वांडा मॅक्सिमॉफ.

ही मार्व्हलच्या कॉमिक्समधली आणि सिनेमांतली जादूगारीण. लाल कपडे, बोटांतून निघणारा लाल प्रकाश. माझी पुतणी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती म्हणत होती वांडा म्युटंट आहे. अकरावीतला भाचा म्हणत होता, नाही.

"ताई, ते केव्हाच बदललं. तुला पत्ताच नाही."

"बदललं म्हणजे? जन्म बदलतो का कुणाचा?"

पंधरा मिनिटं झाली तरी गाडी तिथंच. माझी आई शेकत बसली होती. तिनं विचारलं, "कोण शे ती पोर? आपली सोयरी शे का?"

मी एका कॉलेजच्या ऑफिसात विद्यार्थी विभाग सांभाळतो. बोनाफाईड, टीसी, नावातली दुरुस्ती, जन्मतारखेतली दुरुस्ती, जिल्ह्याच्या नावाचा घोळ, हे माझं रोजचं जेवण. 'जन्म बदलतो का कुणाचा' हे वाक्य कानावर पडलं आणि वाटलं, अरे, हे तर माझ्याच खिडकीवरचं भांडण. दर जूनमध्ये येतं. फक्त तिथं कुणाच्या बोटांतून प्रकाश निघत नाही.

कथेतल्या पात्राला कोणतं लेबल लागू पडतं हे चाहते कसं ठरवतात, ते त्या दोघांना सांगता सांगता माझ्याच डोक्यात जरा नीट लागलं. तेच इथे मांडतोय.

म्युटंट, जेडाय, ओमेगा, खलनायक, अँटी-हिरो (नायकाच्या जागी असतो, पण वागणं नायकाचं नसतं) हे शब्द एका दमात म्हटले की एकाच पंगतीतले वाटतात. आमच्या गावात निम्म्या घरांच्या पाट्यांवर 'पाटील' आहे. पोलीस पाटील मात्र एकच आहे. आणि एखाद्याच्या दिलदारपणावरून 'खरा पाटील माणूस' म्हणतात ते तिसरंच. त्याचं आडनाव महाजनही असेल. पहिला पाटील जन्मानं, दुसरा नेमणुकीनं, तिसरा लोकांच्या निवाड्यानं. तिघांचा पुरावा वेगळा. पहिल्यासाठी जन्माची नोंद लागते, दुसऱ्यासाठी आदेशाचा कागद, आणि तिसऱ्यासाठी ओट्यावरच्या चार माणसांचं मत. चाहत्यांची निम्मी भांडणं अशी असतात की एकजण आडनावाबद्दल बोलतोय, दुसरा नेमणुकीबद्दल, आणि दोघांच्या तोंडी शब्द एकच.

म्युटंट हे पहिल्या जातीचं लेबल. मार्व्हलच्या विश्वात म्युटंट म्हणजे जो एक्स-जीन नावाचं जनुक घेऊनच जन्माला येतो. शक्ती बहुतेक वेळा वयात येताना दिसते, पण बी आधीपासून असतं. स्पायडर-मॅनला किरणोत्सारी कोळी चावला म्हणून तो भिंती चढतो. चावला नसता तर बापडा अभ्यास करत बसला असता. म्हणून तो म्युटंट नाही. अपघातानं किंवा प्रयोगानं शक्ती आलेल्यांसाठी 'म्युटेट' असा वेगळा शब्द आहे. एका अक्षराचा फरक, पण तो चुकला की चाहते अंगावर येतात.

वुल्व्हरिन या म्युटंटचं उदाहरण मला फार आवडतं. त्याच्या हाडांवर चढवलेला धातू प्रयोगशाळेतला, म्हणजे नंतरचा. जखम आपोआप भरून येणं आणि मुठीतून निघणारी हाडाची नखं मात्र जन्माची. दाखल्यावर नखं लिहायची, धातू लिहायचा नाही.

डेडपूलचं असं सरळ नाही. कॉमिक्समध्ये त्याची जखम भरण्याची शक्ती प्रयोगातून आलेली, म्हणून तो म्युटंट नाही. २०१६ च्या सिनेमात मात्र त्याच्या अंगातली झोपलेली म्युटंट जनुकं औषधानं जागी केली असं सांगितलं. नाव तेच, मुखवटा तोच, उत्तरं दोन. दोन्ही बरोबर, फक्त कुठल्या नोंदवहीतलं बोलताय ते आधी सांगायचं. त्यासाठी सोयही आहे. मार्व्हल कॉमिक्सचं मुख्य विश्व 'अर्थ-६१६' या क्रमांकानं ओळखतात, बाकीच्या विश्वांना आपापले क्रमांक. गाव, तालुका, जिल्हा लिहिल्यासारखं. पाकिटावर नुसतं 'पिंप्री' लिहून पत्र पोचत नाही.

आता वांडा. ती आणि तिचा जुळा भाऊ पिएत्रो १९६४ मध्ये एक्स-मेन या म्युटंट नायकांच्या कॉमिकच्या चौथ्या अंकात पहिल्यांदा आले, तेही मॅग्नेटोच्या दुष्ट म्युटंटांच्या टोळीत. टोळीच्या नावातच म्युटंट होतं, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. १९८२-८३ च्या सुमारास मॅग्नेटो हा त्यांचा बाप आहे असं उघड झालं. मग २०१४ मध्ये तो बाप नाहीच असं निघालं, आणि २०१५ मध्ये हे दोघं म्युटंटही नाहीत, त्यांच्यावर लहानपणी एका शास्त्रज्ञानं प्रयोग केले होते, असं ठरलं. पुतणी १९६४ धरून बसली होती, भाचा २०१५ धरून.

इथं माझी खिडकी कामाला आली. नाव बदलायला माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. एकीनं राजपत्रात नवं नाव छापून आणलेलं असतं. छापलं त्या तारखेपासून नाव नवं. जुन्या गुणपत्रिकेवरचं जुनं नाव तेव्हा बरोबरच होतं. दुसरा म्हणतो, "साहेब, शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजानं एक जून लावली, माझी खरी तारीख वेगळी." पहिला झाला बदल, दुसरी झाली दुरुस्ती. बदल पुढे लागू होतो. दुरुस्ती मागे जाते, आणि आधीचं कधी खरं नव्हतंच असं ठरवते. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याआधी तळोद्यात जन्मलेल्याच्या दाखल्यावर जिल्हा धुळे आहे आणि तो चुकीचा नाही, कारण तो बदल होता.

कॉमिक्सवाले अशा मागे जाणाऱ्या दुरुस्तीला 'रेटकॉन' म्हणतात. वांडाचा जिल्हा बदलला नाही, तिची जन्मनोंद दुरुस्त केली गेली. भाच्यानं 'बदललं' ऐवजी 'दुरुस्त केलं' म्हटलं असतं तर दहा मिनिटं वाचली असती. भांडण मिटलं नसतं, हेही खरं. कारण पुतणीचं खरं म्हणणं नंतर कळलं: पन्नास वर्षं लोकांनी जिला म्युटंट म्हणून वाचलं, म्युटंटांच्या दुःखाची धनी म्हणून वाचलं, तिच्यावरचा तो सगळा मजकूर एका अंकानं खोटा कसा ठरवायचा? हा प्रश्न जनुकाचा नाही, आणि माझ्या खिडकीवर त्याला अर्जाचा नमुना नाही.

दुरुस्ती कुणी केली आणि का केली, हे कळलं तर राग आणखी वाढतो. वांडाचा भाऊ पिएत्रो २०१४ मध्ये एका स्टुडिओच्या सिनेमात आला, तिथं तो म्युटंट. २०१५ मध्ये दुसऱ्या स्टुडिओच्या सिनेमात बहिणीसोबत आला, तिथं दोघंही प्रयोगातून तयार झालेले. एक्स-मेनच्या सिनेमाचे हक्क पहिल्या स्टुडिओकडे होते, त्यामुळे दुसऱ्याच्या सिनेमांत 'म्युटंट' हा शब्द वर्षानुवर्षं तोंडातून निघायचा नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या स्टुडिओच्या मालक कंपनीनं पहिला विकतच घेतला, आणि हळूहळू शब्द सुटला. कमला खान ही जर्सी सिटीतली पाकिस्तानी घरातली मुलगी कॉमिक्समध्ये 'इनह्युमन' नावाच्या वेगळ्याच वंशाची होती. २०२२ च्या मालिकेच्या शेवटच्या भागात तिच्या जनुकांत 'म्युटेशन' सापडलं. वर्षभरानं कॉमिक्समधल्या कमलालाही म्युटंट करून टाकलं. सातबाऱ्यावरचं नाव बदललं की शेतातल्या विहिरीची जात बदलावी, तसं हे.

याहून भारी किस्सा अमेरिकेतल्या एका कोर्टाचा आहे, आणि ऑफिसातल्या माणसाला तो ऐकून झोप येत नाही. तिथल्या जुन्या जकात नियमांत बाहुली आणि खेळणं असे दोन वेगळे रकाने होते. माणसाची प्रतिकृती असेल तर बाहुली, कर १२ टक्के. माणूस नसलेलं काही असेल, म्हणजे राक्षस, प्राणी, यंत्रमानव, तर खेळणं, कर ६.८ टक्के. एक्स-मेनच्या आयात केलेल्या मूर्ती कुठल्या रकान्यात घालायच्या? मूर्ती विकणारी कंपनी मार्व्हलच्याच घरातली. तिचं कोर्टातलं म्हणणं : हे माणूस नाहीत. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयानं ते मान्य केलं. न्यायाधीशांनी एकेक मूर्ती पाहून नखं, पंख, अंगाचा आकार तपासला आणि ठरवलं की ही माणसाची प्रतिकृती नव्हे.

चाहते खवळले. खवळणारच. एक्स-मेनची चार दशकांची सगळी गोष्ट एवढीच तर आहे की म्युटंट हीही माणसंच आहेत आणि जग त्यांना माणूस मानायला तयार नाही. ज्या घरानं ती गोष्ट सांगितली, त्याच घरानं ५.२ टक्के कर वाचवायला कोर्टात उलटं सांगितलं. मला मात्र यात एक गोष्ट दिसते जी चाहत्यांना रागात दिसली नसावी. न्यायाधीशांना 'म्युटंट माणूस आहे का' असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. 'ही मूर्ती कुठल्या रकान्यात' एवढंच विचारलं होतं. लेबल कशासाठी हवंय, यावर उत्तर फिरतं.

पदाचं लेबल मानानं सोपं, म्हणून लवकर पुढे जाऊ. स्टार वॉर्स या अवकाशातल्या सिनेमांत लाल तलवार दिसली की नवखा प्रेक्षक 'सिथ' म्हणून मोकळा होतो. सिथ ही दुष्ट योद्ध्यांची एक परंपरा आहे. डार्थ बेननं घालून दिलेल्या नियमानं एका वेळी दोनच, गुरू आणि शिष्य. कायलो रेनकडे लाल तलवार आहे, काळी बाजू आहे, तरी तो सिथ नाही, कारण त्या परंपरेत त्याची दीक्षाच झालेली नाही. असोका टानोचं उलट: तिनं जेडाय, म्हणजे सिथच्या विरोधातल्या चांगल्या योद्ध्यांचा, संघ सोडला, म्हणजे राजीनामा दिला, अंगातली विद्या तीच, पद गेलं. निवृत्त शिक्षकाला गाव मरेपर्यंत गुरुजी म्हणतं, पण हजेरीपत्रकावर त्याची सही चालत नाही. पदाचा वाद कागद सापडला की संपतो.

चौथी जात दर्ज्याची, म्हणजे कोण किती भारी हे सांगणारी. तिचा वाद मात्र कधी संपत नाही, आणि ते किती जुनं दुखणं आहे हे मला महाभारतात दिसलं. महाभारताला काल्पनिक म्हणायचं की इतिहास, त्या वादात मी पडत नाही, आईसमोर तर नाहीच. पण पात्रांना श्रेणी लावण्याची हौस तिथं पुरेपूर आहे. उद्योगपर्वात, युद्धाच्या तोंडावर, दुर्योधन सेनापती भीष्माला विचारतो की दोन्ही सैन्यांत रथी, म्हणजे रथातून लढणारा वीर, कोण आणि त्याहून वरचा अतिरथी कोण. भीष्म एकेक नाव घेऊन श्रेणी देत जातो. भीमाला आठ रथींच्या तोडीचा म्हणतो. कर्णाचं नाव येतं तेव्हा म्हणतो, हा अर्धरथी.

कारणंही देतो: कवचकुंडलं गेली, परशुरामाचा शाप आहे. द्रोण लगेच दुजोरा देतो. कर्ण उसळतो, म्हणतो, हा द्वेष आहे, आपल्याच सैन्यात तू फूट पाडतोयस, आणि भीष्म जिवंत आहे तोवर मी लढणार नाही. नाही लढत. अठरा दिवसांच्या युद्धातले पहिले दहा दिवस कर्ण रणात नाही. एका लेबलाची इतकी किंमत दुसऱ्या कुठल्या विश्वात मोजली गेल्याचं मला आठवत नाही.

अर्धरथीची ती कारणं तपासून बघा. कवचकुंडलं नसणं म्हणजे साधन कमी, तंत्राचा मुद्दा. द्रोणाचं कारण त्याहून वेगळं: कर्ण घमेंडी आहे, गाफील राहतो. तो स्वभावाचा मुद्दा, म्हणजे निवाडा. दर्ज्याच्या शब्दात निवाडा असा गुपचूप मिसळला की मोजमाप आणि टोमणा वेगळे करता येत नाहीत.

त्याच गणतीत शिखंडीचंही नाव येतं. भीष्म त्याला पांडवांच्या प्रमुख रथींमध्ये धरतो. आणि शेवटी दुर्योधनाला सांगतो, याच्यावर मी शस्त्र उचलणार नाही, कारण हा आधी स्त्री होता. शिखंडी मुलगी म्हणून जन्मला आणि स्थूण नावाच्या यक्षाकडून त्याला पुरुषत्व मिळालं, ही कथा भीष्म मग सविस्तर सांगतो. एकाच बैठकीत, एकाच माणसाला, एकाच तोंडानं दोन लेबलं: दर्ज्यानं रथी, जन्मानं स्त्री. द्रुपदाच्या घरासाठी शिखंडी पुरुष होता, लढणारा मुलगा होता. भीष्मानं जुनी नोंद धरली. दहाव्या दिवशी तो पडला तो याच नोंदीपायी.

मार्व्हलमधला 'ओमेगा' दर्जाही असाच भांडणाचा धनी. हा शब्द १९८६ मध्ये एका अंकात आला, कुणी व्याख्या केली नाही, आणि तेहतीस वर्षं चाहते आपापल्या लाडक्याला ओमेगा ठरवत राहिले. २०१९ मध्ये कॉमिक्सनं अखेर व्याख्या छापली: ज्या म्युटंटच्या मुख्य शक्तीला वरची मर्यादा सांगताच येत नाही तो ओमेगा. सोबत यादी. मन वाचण्यात जीन ग्रे यादीत आहे, तिला शिकवणारा प्रोफेसर एक्स नाही. व्याख्या आली म्हणजे भांडणं मिटतील असं वाटलं असेल कुणाला. प्रत्यक्षात आता यादीवरून सुरू झाली.

मग अधिकृत कुठलं धरायचं? चाहत्यांच्या भाषेत याला 'कॅनन' म्हणतात. हे फॅड परदेशी वाटत असेल तर पुण्यात जाऊन बघा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम घेतलं आणि ते १९६६ मध्ये पुरं झालं. १,२५९ हस्तलिखितं ताडून बघितली. जे श्लोक बहुतेक शाखांत सापडत नाहीत ते काढून फेकले नाहीत. तळटिपांत आणि परिशिष्टांत ठेवले. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला 'मी सूताला वरणार नाही' असं म्हणते ती गाजलेली ओळ मुख्य संहितेत नाही, खाली गेलेली आहे. कर्णाच्या बाजूनं बोलणारा मराठी माणूस त्या ओळीशिवाय दोन मिनिटंही बोलू शकत नाही. संहितेत आहे ते त्याला कमी आठवतं: भर सभेत द्रौपदीबद्दल अभद्र बोलणारा कर्ण.

स्टार वॉर्सवाल्यांनी असंच एप्रिल २०१४ मध्ये केलं. सिनेमे आणि काही मालिका सोडून आधीच्या कादंबऱ्या, कॉमिक्स, सगळं 'लेजेंड्स' म्हणून वेगळ्या कपाटात ठेवलं. पुण्याला सत्तेचाळीस वर्षं लागली, त्यांनी एका निवेदनात उरकलं. फरक असा की पुण्याच्या संपादकांकडे पोथ्यांचा पुरावा होता आणि तिकडे मालकी हक्काचा.

लेखकाचं तोंडी सांगणं हा आणखी एक कागद. हॅरी पॉटरची सातही पुस्तकं आल्यावर, ऑक्टोबर २००७ मध्ये, लेखिकेनं न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमात सांगितलं की हॅरीच्या शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर समलिंगी आहे. पुस्तकांत तसं थेट कुठं नाही. काही वाचक म्हणाले, लेखिका म्हणते म्हणजे झालं. काही म्हणाले, पानावर नाही ते नाही. माझं मत दुसऱ्यांकडे झुकतं; प्रतिज्ञापत्र पुरवणी म्हणून चालतं, मूळ नोंद म्हणून नाही. उलट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या टोल्कीननं १९५४ च्या एका पत्रात साफ लिहून ठेवलंय की त्यातला टॉम बॉम्बाडिल कोण हे कोडं त्यानं जाणूनबुजून कोडंच ठेवलं. सत्तर वर्षं लोक तो रकाना भरतायत. माझ्या खिडकीवर कुणी रकाना रिकामा ठेवला तर मी अर्ज परत करतो, म्हणून मला या माणसाचा हेवा वाटतो.

काही लेबलांना ना कॅननचा आधार असतो, ना लेखकाचा. वाचक आपल्या मनानं ती लावतो. 'हेडकॅनन' म्हणतात त्याला. हे पात्र माझ्यासारखं अडखळत बोलतं, गर्दीत घाबरतं, मुलींवर प्रेम करतं पण बोलत नाही, म्हणजे ते माझ्यातलं. पुराव्याच्या कसोटीवर हे लंगडं ठरेल. पण यातलं मागणं ओळखीचं आहे. बहिणाबाईंची भाषा अहिराणी म्हणायची की लेवा गणबोली, यावर आमच्या जळगाव जिल्ह्यात मोठमोठी माणसं आवाज चढवतात. व्याकरणाचा मुद्दा त्यात आहे, नाही असं नाही. पण आवाज चढतो तो 'ती आमची' या दोन शब्दांसाठी. हेडकॅनन करणाऱ्या पोरीला मी तेवढ्यासाठी कधी पुरावा मागत नाही. तिनं दुसरीचा हेडकॅनन खोडला तर मात्र मागतो.

उरला निवाडा. खलनायक, नायक, अँटी-हिरो. आणि 'मेरी सू'. हा शब्द १९७३ मध्ये एका चाहतीनं स्टार ट्रेक मालिकेवर चाहते लिहीत त्या गोष्टींची थट्टा करायला लिहिलेल्या छोट्या गोष्टीतून आला; त्यातली साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट सगळ्यांत हुशार, सगळ्यांची लाडकी. थट्टेचा नेम लेखकाच्या हौसेवर होता. आज कुठलीही नायिका दोन कामं नीट करू लागली की तिच्या कपाळी तो शिक्का बसतो. निवाड्याची लेबलं अशी घसरतात, कारण त्यांना नोंदवही नसते.

एव्हाना वांगी भाजून झाली होती. सोलायला घेतली तेव्हा भाच्यानं सहज विचारलं, "मामा, मग अश्वत्थामा कोण? व्हिलनच ना?"

त्यानं विचारलं तेही आईसमोर. तिचं माहेर तळोद्याकडचं. तिकडे सातपुड्यात अस्तंबा नावाचं १,३२५ मीटरचं शिखर आहे, आणि दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास लोक रांगा लावून ते चढतात. भिल्ल, पावरा, खालच्या गावांतले कुणबी, सगळे. वर कोण असतो? अश्वत्थामा. तिथं त्याचं नाव अस्तंबा ऋषी. कपाळावरची जखम घेऊन तो डोंगरात फिरतो आणि वाटसरूंकडे जखमेला लावायला तेल मागतो, असं सगळेच सांगतात.

मी आपला रकाने भरत बसलो. जन्मानं द्रोणाचा मुलगा, ब्राह्मण. पदानं कौरवांचा शेवटचा सेनापती. मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनाच्या सांगण्यावरून कृपानं त्याला अभिषेक केला, म्हणजे नेमणूक पक्की. दर्जा? भीष्माच्या त्या गणतीत त्याला रथीही म्हटलेलं नाही आणि अतिरथीही नाही. शस्त्रविद्येत तोड नाही असं कौतुक करून भीष्म म्हणतो, याच्यात एक मोठा दोष आहे: याला जीव फार प्यारा आहे. आणि मग सौप्तिकपर्वात, झोपलेल्यांची कत्तल करून, द्रौपदीच्या पाच मुलांना मारून, उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडून झाल्यावर त्याला शिक्षा काय मिळते? जगण्याची. ज्याला जीव प्यारा त्याला जीवच शाप म्हणून.

"म्हणजे व्हिलनच," भाचा म्हणाला.

"त्याचा बाप कसा मारला ते बघ ना," पुतणी म्हणाली. "मेला हत्ती, आणि सांगितलं अश्वत्थामा मेला म्हणून. अँटी-हिरो आहे तो."

भाचा मोबाईल काढून बसला होता. त्याला नवाच मुद्दा सापडला. सात चिरंजीवांचा श्लोक अश्वत्थाम्यापासून सुरू होतो खरा, पण तो महाभारतातल्या शापाचा भाग नाही. सौप्तिकपर्वात कृष्ण मुदत सांगतो: तीन हजार वर्षं. युद्धाला परंपरेच्या हिशेबानं पाच हजारांहून जास्त वर्षं झाली.

"आजी, मुदत कधीच संपलीये. तो आता अस्तंब्यावर नाहीये. कॅननमध्ये बसतच नाही."

आई भरताची फोडणी टाकायला तेलाची वाटी घेऊन उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"तीन हजार वरीस सरी गयात?" ती म्हणाली. "मंग तेल कोण मांगस?"